मदत हवी आहे: टिटो-स्टालिन फूट आणि अमेरिकेचा सव्वा वर्षाचा उशीर

कोरा_कागद:
एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी युगोस्लाव्हिया घेतला आहे. २८ जून १९४८ला कॉमिन्फॉर्मने (मॉस्कोच्या वर्चस्वाखालची युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना) युगोस्लाव्हियाचा नेता टिटो याच्या पक्षाची हकालपट्टी केली. अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं (सरकारी आयात-निर्यात बँक) २ कोटी डॉलरचं कर्ज मात्र सप्टेंबर १९४९मध्ये मिळालं. मधल्या काळात अमेरिकेचं धोरणच ठरत नव्हतं, असं मांडतोय. पण ऑगस्ट १९४८च्या डॅन्यूब परिषदेत (डॅन्यूब नदीवरच्या वाहतुकीचे नियम ठरवणारी) युगोस्लाव्हिया रशियाच्याच बाजूने मत देतो! मग फूट नेमकी कधीची धरायची?

जुना_नकाशा:
'धोरण ठरत नव्हतं' हे वाक्य आधी काढा. अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या जॉर्ज केनन यांच्या धोरण नियोजन विभागाची टिपणी ३० जूनची आहे, म्हणजे हकालपट्टीनंतर दोनच दिवसांनी लिहिलेली. सूर असा: टिटो कम्युनिस्टच आहे. फार लगट केली तर तो घरात अडचणीत येईल, झिडकारलं तर मॉस्को म्हणेल, बघा, आमच्याशिवाय तुम्हाला कोणी नाही. तेव्हा दार किलकिलं ठेवा आणि त्याची वागणूक बघा.

डॅन्यूबच्या मताने गोंधळू नका. भांडण सिद्धांतावरून नव्हतंच, ताब्यावरून होतं: सोव्हिएत हेरखात्याने युगोस्लाव्ह पक्षात चालवलेली भरती, बल्गेरियाबरोबरचं संघराज्य, अल्बानियात सैन्य पाठवायचा बेत. मॉस्कोने आपले सल्लागार मार्चमध्येच परत बोलावले होते. तरी बेलग्रेडला समेटाची आशा होती, जुलैच्या पक्ष अधिवेशनात स्टालिनचा जयघोषही झाला. फूट जून १९४८चीच धरा. परराष्ट्र धोरण वळायला पुढचं वर्ष उजाडलं.

काठावरचा:
यात भर. वहीत दोन रकाने करा, एकात बोलणं, दुसऱ्यात करणी, आणि तारखा करणीच्याच लावा. पूर्व युरोपशी निम्म्याच्या आसपास असलेला व्यापार १९४९मध्ये आटत गेला. जुलै १९४९मध्ये टिटोने ग्रीसची सीमा बंद केली, ग्रीक कम्युनिस्ट बंडखोरांचा आधार तुटला. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने पोलाद गिरणीच्या यंत्रांना निर्यात परवाना दिला, तोही संरक्षणमंत्री जॉन्सन यांचा विरोध डावलून. मग कर्ज. ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेची जागा, चेकोस्लोव्हाकियाला हरवून. हा क्रमच तुमचा पुरावा आहे.

एका ठिकाणी हमखास चूक होते. जुलै १९४८मध्ये अमेरिकेने युगोस्लाव्हियाचं गोठवलेलं सुमारे ४.७ कोटी डॉलरचं सोनं सोडलं. ती मदत नव्हे. सोनं त्यांचंच होतं, बदल्यात राष्ट्रीयीकृत मालमत्तेपोटी त्यांनी १.७ कोटी भरले, आणि त्या वाटाघाटी फुटीच्या आधीपासून चालू होत्या. फुटीचं बक्षीस म्हणून मांडलंत तर परीक्षक तिथेच पकडतील.

मूळ कागद अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' या मालिकेतला १९४८चा चौथा खंड, १९४९चा पाचवा.

कोरा_कागद:
दोघांचेही आभार, गाठ सुटली. १९५०च्या दुष्काळाची मदत याच प्रकरणात घेऊ का?

काठावरचा:
वेगळं प्रकरण करा. जून १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि पुढची पाळी युगोस्लाव्हियाची असेल ही भीती वाढली, त्यामुळे मदतीमागचं गणितच बदललं. डिसेंबर १९५०च्या कायद्याने अन्नधान्यासाठी ५ कोटी डॉलरपर्यंत मंजुरी मिळाली, नोव्हेंबर १९५१मध्ये लष्करी मदतीचा करार झाला. शेवट मे १९५५वर करा, ख्रुश्चेव्ह स्वतः बेलग्रेडला गेले तिथे.