बगीचा तोच, मंग एका सालची लाल वाइन चांगली अन् दुसऱ्या सालची काहून नाही?

संत्रावाला_वरुड:
राम राम मंडळी. माझा संत्र्याचा बगीचा आहे, साडेतीनशे झाडं. भाचा पुण्याच्या हॉटेलात कामाले आहे. तो सांगे, फ्रान्सातल्या बोर्दोची २०१० ची लाल वाइन लोक जपून ठेवतात अन् २०१३ ची कोणी विचारत नाही. एका सालानं एवढा फरक काहून पडते?

मोर्शीकर:
काकाजी, नाशिककडे वायनरीत सहा हंगाम काढले, म्हणून सांगतो. आंबिया बहारासाठी तुम्ही डिसेंबरात पाणी तोडून झाडं ताणावर सोडता. बोर्दोत तो ताण आभाळाच्या हाती. भारी दुष्काळ सोडला तर तिथं बागेले पाणी द्यायची मुभाच नसते.

२०१० चा उन्हाळा कोरडा गेला. द्राक्षाचे मणी लहान राहिले, त्यांची साल जाड. लाल वाइनचा रंग गरात नसते, सालीत असते. तुरटपणाही साल अन् बियांतूनच येते. कॅबर्ने या काळ्या द्राक्षाचा मणी चिरडून पाहा, रस पांढुरकाच निघते. म्हणून तर तो सालीसकट आंबवतात. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. त्यात रात्री थंड, आंबटपणा टिकला. थंडी पडल्याबिगर आपला संत्रा तरी रंग धरते का?

२०१३ ले फुलोऱ्यावरच गारठा अन् पाऊस. मेर्लो या तिथल्या द्राक्षाच्या जातीची फळधारणा फसली. तोडीच्या वक्ताले ओल, घडांवर बुरशी. पुरतं पिकायच्या आधीच लोकांनी घाईनं तोडलं.

तिवसा_शेती:
म्हणजे जितकं ऊन तितकी चांगली?

मोर्शीकर:
नाही भाऊ. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत युरोपात हजारो माणसं मेली. द्राक्षात साखर भरभर चढली, आंबटपणा उतरला, हलक्या जमिनीतले मणी सुकले. चिकणमातीतल्या बागा तगल्या, ओल धरून होत्या म्हणून. नाशिकले फेब्रुवारी-मार्चात कोरड्या हवेत तोड होते, सालासालात इतका फरक नाही. गारपीट झाली तर मात्र सगळंच जाते.

संत्रावाला_वरुड:
आता समजलं. मागच्या ऑगस्टात झड लागली अन् आंबियाची अर्धी फळं गळली. रोज टोपल्यानं उचलून गाडत होतो. २०१३ ले तिथल्या लोकांनी काय केलं असन, माल फेकला?

मोर्शीकर:
सगळा नाही, काकाजी. नामी बागांवाले टेबलावर घड निवडतात, सडका भाग काढून टाकतात. हलका माल त्याच बागेच्या दुसऱ्या नावाच्या स्वस्त बाटलीत जाते. त्या साली मुख्य नावाची बाटली कमीच भरली.