'शांतता! कोर्ट चालू आहे' - बेणारेचं शेवटचं स्वगत बाकीच्यांना ऐकू येतं का?

तिसरी घंटा:

आमच्या हौशी ग्रुपमध्ये सध्या तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसतंय, माझ्या वाट्याला पोंक्षे आलाय, खटल्यातला एक साक्षीदार. नाटकात एक हौशी नाटकमंडळी प्रयोगाआधी गावातल्या हॉलमध्ये खोटा खटला खेळते आणि आपल्यातल्याच बेणारे या अविवाहित शिक्षिकेला आरोपी करते. तिसऱ्या अंकात बेणारेचं ते मोठं स्वगत आहे ना, त्यावरून तालमीत रोज भांडणं. दिग्दर्शक म्हणतो बाई एवढं सगळं बोलते, मामाचं, प्रोफेसर दामलेचं, त्याच्यापासून पोटात असलेल्या बाळाचं, तर आजूबाजूच्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायलाच पाहिजे, निदान सामंत या गावकऱ्याच्या तरी. मला वाटतं सगळ्यांना जागच्या जागी गोठवलंय म्हणजे ते बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये. पण मग ती बोलली का नाही बोलली? मनातल्या मनात? की फक्त प्रेक्षकांशी? आमच्यातल्या एकीचं तर म्हणणं आहे की हे स्वगत नसतं तर नाटक अजून भारी झालं असतं. जाणकारांनी जरा सांगा प्लीज.

विंगेतली मांजर:

दिग्दर्शकाला म्हणावं स्वगताच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य नीट वाच. जज्ज झालेला काशीकर तिला बोलायला किती वेळ देतो? दहा सेकंद. मग स्वगत, जे स्टेजवर आरामात काही मिनिटं चालतं, आणि ते संपल्या संपल्या काशीकर वेळ संपल्याचं सांगतो आणि आरोपीला काहीच म्हणायचं नाहीये असं ठरवून पुढे सरकतो. म्हणजे त्या हॉलमध्ये दहा सेकंदच गेलेत आणि त्या दहा सेकंदांत बाई गप्प उभी होती! ती मिनिटं फक्त तिच्याकडे आणि आपल्याकडे आहेत. तेंडुलकरांनी दोन घड्याळं लावलीत आणि दुसरं घड्याळ कोर्टातल्या कुणालाच दिसत नाही, आता अशात सामंतने डोळे पुसले तर काशीकरचं पुढचं वाक्य खोटं पडतं ना, आणि ते वाक्य खोटं पडलं की सगळा शेवटच ढिला होतो. बाई बोलली तरी बोललीच नाही अशी नोंद होणं हीच तर खरी शिक्षा आहे, गर्भाचा निकाल तर त्यानंतर येतो.

अर्धा कप चहा:

मांजरबाईंना +१. पण मला यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट सामंतची साक्ष वाटते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तो बिचारा गावातला साधा माणूस, मंडळीतला रावते आला नाही म्हणून चौथा साक्षीदार म्हणून ऐनवेळी उभा केलेला, बेणारेला ओळखत पण नाही. आणि तो साक्ष देतो ती कुठून, तर हातातल्या स्वस्तातल्या कादंबरीतून! दामल्यांच्या खोलीत बेणारे होती, असं बोलणं झालं, तसं झालं, सगळं पुस्तकातलं उचलून. आणि ते निघतं खरं. म्हणजे ढापलेली गोष्ट खऱ्या बाईच्या आयुष्यावर अशी फिट्ट बसते की तिला उत्तर सुचत नाही आणि इकडे बाकीच्यांना वास लागतो. यात लेखकाने दोन पक्षी मारलेत: एक म्हणजे तिचं दुःख इतकं नेहमीचं आहे की ते बाजारू कादंबरीत आधीच छापून आलंय, दुसरं म्हणजे कोर्टात खरं-खोटं याला काही किंमतच नाही, कोण बोलतंय याला आहे. सुखात्मे बघा ना, फिर्यादीचा वकील तोच आणि आरोपीचा वकील पण तोच, नुसतं स्टूल बदलायचं आणि चेहरा पाडायचा. काशीकर तर जज्ज असून स्वतःच पिंजऱ्यात जाऊन साक्ष देतो. ज्यांना काही माहीत नाही त्यांचं सगळं रेकॉर्डवर आणि जिला सगळं माहीत तिचं शून्य. त्यामुळे स्वगत कोणाला ऐकू न येणं हे नुसतं लाइटिंगचं गिमिक नाही, पहिल्यापासून जे चाललंय त्याचंच पुढचं टोक आहे.

नाटकवाला_जुना:

मी तुमच्या त्या मैत्रिणीच्या बाजूने. स्वगत मला कायम जड वाटत आलंय, १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेने केलं तेव्हा सुलभा देशपांडे बेणारे होत्या आणि नंतर सत्यदेव दुबेंच्या १९७१ च्या सिनेमात पण त्याच, तेव्हा त्या ताकदीच्या नटीकडे ते असेल तर कोण तक्रार करणार, पण लिखाण म्हणून बघा. तोवर तेंडुलकरांनी सगळं वस्तूंमधून सांगून झालेलं असतं. सुरुवातीलाच दाराच्या कडीने बेणारेचं बोट चेमटतं, आपण म्हणतो असेल काहीतरी, आणि पुढे ती वैतागून निघायला जाते तेव्हा तेच दार उघडत नाही. तिच्या पर्समधली टिक-ट्वेंटीची (ढेकणांच्या विषाची) बाटली आधी साक्षीत येते, मग प्रत्यक्ष तिच्या ओठांपर्यंत जाते आणि मंडळीतला कर्णिक ती उडवून लावतो. सामंतने पुतण्यासाठी आणलेला खेळण्यातला हिरवा पोपट. चिमणी-पोपटाचं ते बालगीत. एवढं असताना पुन्हा तोंडाने सगळी हकीकत कशाला? स्विस लेखक ड्युरेनमाटच्या 'डी पान' या गोष्टीत (१९५६ ची) निवृत्त जज्ज-वकील मंडळी जेवणाच्या टेबलावर असाच खोटा खटला खेळतात, गाडी बंद पडली म्हणून रात्रीपुरता थांबलेला सेल्समन त्यात आरोपी होतो आणि शेवटी गळफास घेतो. या दोघांची तुलना लोक नेहमी करतात. तिथे त्याला असं मोकळं मैदान कोणी देत नाही आणि तरी, किंवा म्हणूनच, ते अंगावर येतं.

विंगेतली मांजर:

काका, तुलना करताय तर पूर्ण करा. त्या सेल्समनला खटल्याची मजा येते हो! आपण एवढा मोठा गुन्हा केला म्हणजे आपण कोणीतरी आहोत असं त्याला वाटायला लागतं, आयुष्यात पहिल्यांदा भाव मिळतो त्याला. बेणारेकडून उलट सगळं काढून घेतलं जातंय, नोकरी, बाळ, हसणं. तिला जर बोलूच दिलं नाही तर आपल्याला बेणारे कळणार कोणाकडून? पोंक्षे, रोकडे, काशीकर यांच्या तोंडून. म्हणजे प्रेक्षक पण त्यांच्यातलेच झाले, साक्षी ऐकायच्या आणि घरी जायचं.

आणि कोण म्हणतं ती हकीकत सांगते? कबुलीजबाब वाटतो का तो? निम्मं तर ती कोर्टाच्याच भाषेची टर उडवतेय. शरीराने घात केला म्हणते आणि लगेच त्याच शरीराचं कौतुक, मध्येच शाळेतली बाई, मध्येच चौदा वर्षांची मुलगी, आणि दामलेवर चिडून पण मुलाला बापाचं नाव हवं हे आहेच. सरळ वकिली बचाव लिहिणं तेंडुलकरांना सोपं होतं, ते त्यांनी केलं नाही. जड वाटतं ते बहुतेक नट्या पहिल्या ओळीपासून रडायला घेतात म्हणून.

नाटकवाला_जुना:

रडण्याचा मुद्दा मान्य, तो एकदम बरोबर पकडलात. बाकी माझं मत आहे तिथंच.

गोदाकाठ:

एक गोष्ट राहतेय. आरोप काय असतो? भ्रूणहत्या. ती बाहेर गेलेली असताना ही मंडळी आपापसात ठरवून तिच्यावर लावतात, कारण अमेरिकेच्या प्रेसिडेंट जॉन्सनवरचा खटला तर संध्याकाळच्या प्रयोगात करायचाच आहे आणि सामंतला कोर्ट म्हणजे काय ते दाखवायला काहीतरी नवीन पाहिजे. आणि निकाल काय? पोटातला गर्भ नष्ट करा. ज्या गुन्ह्याचा आरोप तोच कोर्टाचा हुकूम, आणि हे लिहिताना कुठे अधोरेखित नाही, कोणी पात्र म्हणत नाही की अरे हे काय. अशा ठिकाणी तेंडुलकर गप्प बसतात आणि स्वगतात तिला बोलू देतात, म्हणून मला वाटतं स्वगत ठेवलं ते विचार करूनच. आणि मग गावकरी दारात येतात, ही मंडळी एका क्षणात नॉर्मल, अगं खेळच होता, चल तयार हो. सामंत तेवढा पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि सटकतो, त्याच्याकडून हवं ते एवढंच, त्याला स्वगताच्या वेळी आधीच हळवा केलात तर ही कृती फुकट जाईल.

तिसरी घंटा:

दहा सेकंदांचा मुद्दा आज तालमीत मांडला, दिग्दर्शक गप्प झाला आणि मग म्हणाला ठीक आहे, गोठवू, पण कसं गोठायचं ते तुम्हीच बघा. आता माझी पंचाईत. मी पोंक्षे, माझ्याकडे पाइप आहे, चष्मा आहे, आणि काही मिनिटं हलायचं नाही. कोणी केलंय का हे?

अर्धा कप चहा:

केलंय, कर्णिक होतो, पान चघळताना. पुतळ्यासारखी पोझ घेऊ नका, काशीकर दहा सेकंद म्हणतो तेव्हा ज्या अवस्थेत असाल तिथेच थांबा, फक्त वजन दोन्ही पायांवर ठेवा नाहीतर गुडघा थरथरायला लागतो आणि पहिल्या रांगेला दिसतं. नजर बेणारेवर अजिबात नको, तिच्या बाजूला कुठेतरी. लाइटवाल्याला सांगून तुमच्यावरचा उजेड कमी करून घ्या म्हणजे डोळे मिचकावता येतात. आणि पाइप हातात ठेवा हो, तोंडात धरून गोठलात तर लाळ गळते.