ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमध्ये आमचं कण्हेरखेड कसं काय?

कण्हेरखेडचा_भाचा
नमस्कार मंडळी. माझं आजोळ कण्हेरखेड, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. परवा ऑफिसात बनारसच्या एका सहकाऱ्याने गाव विचारलं. आईचं गाव सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "अरे, मैं कनेरखेड हाउस में था!" म्हणे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर त्यांची शाळा, आणि तिथल्या एका वसतिगृहाला आमच्या गावाचं नाव. ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे आमच्या गावचे पाटील एवढं माहीत होतं, पण शाळेचं कधी कानावर आलं नव्हतं. कुणी सविस्तर सांगेल का? आणि 'अस्ताचल' म्हणजे काय? त्याबद्दल बोलता बोलता तो एकदम गप्पच झाला.

लष्करकर
भाचेबुवा, साताऱ्याकडच्या कुणीतरी हे विचारावं असं मला फार दिवस वाटत होतं. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, घरी मराठी, दाराबाहेर हिंदी. बाबा त्या शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मीही सहावीपासून तिथलाच.

शाळा 1897 ची. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी सरदारांच्या मुलांसाठी काढली, म्हणून नावही 'सरदार स्कूल'. 1908 मध्ये ती किल्ल्यावर आली. त्याआधी 1858 पासून किल्ला इंग्रजांकडे होता, 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाला. गोऱ्या शिपायांसाठी बांधलेल्या दगडी बराकी रिकाम्या होत्या, त्यांतच शाळा भरू लागली. खाली लष्कर भागात लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, वाहत असायची आणि आम्ही त्या जाड भिंतींना पाठ लावून भूगोल पाठ करायचो.

आता नावांचं. शाळेतल्या प्रत्येक मुलाचं एक 'हाउस' असतं. राहणं, जेवण, खेळ, भांडणं, सगळं त्या घराच्या नावाने. मोठ्यांची राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी अशी घरं. धाकट्यांची दत्ताजी, निमाजी आणि कनेरखेड. म्हणजे घर सोडून आलेलं अकरा वर्षांचं पोर पहिल्या रात्री ज्या छपराखाली रडतं, त्यातल्या एकाला शिंद्यांच्या मूळ गावाचं नाव आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कण्हेरीला हिंदीत कनेर म्हणतात, त्यामुळे आसाम-बिहारच्या मुलांच्या जिभेवरही ते नाव सहज बसतं. गाव कुठे आहे हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं.

बाबांना याची खंत होती. दर संक्रांतीला आमच्या क्वार्टरवर दत्ताजी हाउसची दहा-बारा पोरं तिळगुळासाठी यायची. आई पितळी डबा घेऊन उभी, आणि बाबा दारातच विचारायचे, "दत्ताजी कौन थे?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. मग बाबा सांगायचे. 10 जानेवारी 1760, ऐन संक्रांतीचा दिवस, दिल्लीजवळ बुराडी घाट, यमुनेचं पात्र, पुढे रोहिला सरदार नजीबाची आणि अब्दालीची फौज. जखमी दत्ताजी शिंद्यांना शत्रूने विचारलं, अजून लढणार का? "बचेंगे तो और भी लड़ेंगे." डब्याचं झाकण त्यानंतर उघडायचं. बाबा सांगायचे की पाच वर्षांपूर्वी, 1755 मध्ये, थोरले बंधू जयाप्पा नागोरला दग्याने मारले गेले होते. मुलं वाड्या चघळत आपापल्या हाउसकडे जायची तेव्हा ती नावं त्यांच्यासाठी माणसं झालेली असायची.

अस्ताचलबद्दल तुमचा मित्र गप्प झाला, ते बरोबरच आहे. किल्ल्याच्या पश्चिम कडेला दगडी पायऱ्या आहेत. संध्याकाळी सगळी शाळा तिथे येऊन बसते, तोंडं मावळतीकडे. कुणी बोलत नाही. खाली शहराचा धूर, डोक्यावरून पोपटांचे थवे, आणि सूर्य आधी पिवळा, मग कुंकवासारखा. एखादा विचार वाचला जातो, एखादं भजन होतं. पहिल्या महिन्यात मला तिथे घरची फार आठवण यायची, आणि घर तर पाचशे पावलांवर होतं! एफ. जी. पिअर्स 1930-40 च्या दशकांत इथे प्राचार्य होते. ते पुढे आंध्रातल्या ऋषी व्हॅलीला गेले. तिथली मुलंही अस्ताचलला बसतात.

मोतीमहालची
लष्करकर काका, मुलींचं राहिलं. राजमाता विजयाराजे शिंद्यांनी 1956 मध्ये सिंदिया कन्या विद्यालय सुरू केलं, मी तिथली. आणि रेडिओवाले अमीन सायानी किल्ल्यावरच्या शाळेचे, हेही सांगा.

साधा_माणूस
सगळं छान आहे. पण सरदारांच्या पोरांसाठी काढलेली शाळा, आज तिथली फी किती? कोरेगावच्या शेतकऱ्याचा मुलगा त्या कनेरखेडात कधी राहील का?

लष्करकर
दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याही मनात तो आहे. 1933 मध्ये शाळा सरदारांपुरती न राहता सगळ्यांना खुली झाली आणि नाव 'सिंदिया स्कूल' झालं. पण खुली असणं वेगळं आणि परवडणं वेगळं. बाबा तिथे मास्तर नसते तर मी त्या पायऱ्यांवर कधीच बसलो नसतो. कण्हेरखेडच्या एका तरी मुलाला दर वर्षी तिथे शिकता यावं, असं मला मनापासून वाटतं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपाशी मी हा विषय काढला आहे, पुन्हा काढीन.

कण्हेरखेडचा_भाचा
काका, हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. ती विचारतेय, ते घर बघता येईल का? वय बहात्तर, गुडघे दुखतात.

लष्करकर
जरूर घेऊन या त्यांना. मे महिन्यात मात्र नको, डिसेंबरात या. उरवाई दरवाज्याकडून गाडी थेट वर जाते, वाटेत कातळात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतील. तेलीच्या मंदिरापाशी सावलीत थोडं बसू, तिथून शाळा जवळच आहे. आत जायला आधी परवानगी लागते, तेवढं मी बघतो. तारीख दोन आठवडे आधी कळवा, आणि आईंना सांगा, मुक्काम आमच्याकडेच.