मामांनी घरी बांधलेलं विमान सहा वर्षं बेदाण्याच्या शेडमध्ये उभं आहे, इंजिन चालू करू का?

तासगावचा_भाचा
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका.

माझ्या मामांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं दोन सीटचं विमान आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर डेक्रॉनचं कापड, पाठीमागे रोटॅक्स ५८२ हे टू-स्ट्रोक इंजिन, लाकडी पंखा. मामा कुपवाडला टर्नर होते. आराखडे मागवून रविवार-रविवार करत सात वर्षं लागली त्यांना. २०१९च्या महापुरात सांगलीवाडीत पाणी चढायला लागलं तेव्हा लोक फ्रीज आणि टीव्ही माळ्यावर चढवत होते. मामांनी आधी विमानाचे पंख उतरवले, सगळं उसाच्या ट्रॉलीत घातलं आणि तासगावला आमच्या बेदाणा शेडमध्ये आणून ठेवलं. मामी अजून ऐकवते, "माझी शिलाई मशीन बुडाली, ह्यांचं इमान कोरडं." त्याच दिवाळीत मामा गेले.

लॉगबुक म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची दोनशे पानी वही. एकूण ४१ तास. शेवटची नोंद: "वारा पश्चिमेचा, झोत येतायत. चहा घेतला, परत आलो."

टाकीतलं जुनं पेट्रोल काढलंय. आता पंपावरचं नवीन भरून, ऑइल मिसळून इंजिन फिरवलं तर चालेल ना? ४१ तास म्हणजे नवीनच की. उडवायचं नाही, निदान आत्ता तरी. नोंदणी मामांच्या नावावर आहे, परवानगीची मुदत कधीच संपली. पण मामीला एकदा आवाज ऐकायचाय.

वाईचा_वारा
भावा, पांढरा हत्ती आहे. इंजिन काढून विक, बाकीचं दिवाणखान्यात टांग.

साताऱ्याचा_फिटर
टांगायचं नंतर बघू. भाच्या, हात लावू नकोस, आधी वाच.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याचा कारागीर) होतो, शेवटची वर्षं ओझरला काढली. तिथं पहिला धडा हा की विमान उडून जेवढं झिजतं त्याहून जास्त उभं राहून मरतं. तू ४१ तासांवर खूश आहेस. रोटॅक्सनं ५८२ला ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायची, मुदत दिलीय ३०० तास किंवा ५ वर्षं, जे आधी येईल ते. तुझी पाच वर्षं संपून गेली. हे काय उगाच लिहिलेलं नाही. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलबरोबर जे येतं त्यावरच क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगा जगतात. सहा पावसाळे त्या बेअरिंगा दमट हवेत कोरड्या बसल्या आहेत. गंजाचा एक ठिपका पुरतो. चालू करशील तेव्हा आवाजही छान येईल, आणि पुढं कधीतरी तोच ठिपका बेअरिंगचा पिंजरा फोडेल.

आता पेट्रोल. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांचं, त्याबद्दल आपल्याला काही बोलायची सोय नाही! पण रोटॅक्स १० टक्क्यांपुढे हो म्हणत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं आणि तू मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. कार्ब्युरेटरला तळाचा थर गेला की पिस्टनला वंगण शून्य. शिवाय इथेनॉलनं मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानानं हवा जास्त, आणि इंजिन जास्त तापतं. टू-स्ट्रोकचा पिस्टन असाच चिकटून जाम होतो.

चाचणी घरी होते. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घे, वर ९० मिली पेट्रोल, हलव, थांब. पाण्याची रेषा १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. वर चढली तर जेवढी चढली तेवढं साधारण इथेनॉल. कुणी सांगेल अमुक महागड्या पेट्रोलात नसतं. ऐकून घे, आणि तरी चाचणी कर. फ्लाइंग स्कूलचं ॲवगॅस (विमानाचं पेट्रोल) मिळालं तर त्यात इथेनॉल नसतं, शिसं असतं. प्लगवर जमेल, पण इंजिन जाणार नाही.

आणि मला खरी भीती वेगळीच आहे. तू म्हणालास बेदाण्याचं शेड. त्यात गंधकाची धुरी देता का?

तासगावचा_भाचा
देतो की काका. रंग येण्यासाठी. विमान मात्र दुसऱ्या टोकाला असतं, मध्ये ताडपत्री. का?

साताऱ्याचा_फिटर
अरे देवा. ताडपत्रीला धूर कळतो का?

गंधकाचा धूर आणि ओल मिळाली की आम्ल होतं. कंट्रोलच्या स्टीलच्या तारा त्याला आधी बळी पडतात. जुनी चिंधी घे, तारेला धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढ. जिथं धागा अडकेल तिथं तारेचा केसासारखा एखादा पदर तुटलाय, ती तार भंगारात. कप्पीवरून वळते तिथं आणि टोकाच्या दाबलेल्या नळीपाशी जास्त बघ. मग कापड. डेक्रॉन दिसायला ठणठणीत राहतं, आधी शिवण जाते. दोन बोटांनी टाका ताणून बघ. पंखाच्या टोकाला धरून हळूच वर-खाली कर आणि कान दे. "टक्" आवाज आला तर बोल्टाचं भोक लांबट झालंय.

बोल्ट बदलायचे तर विमानाचेच आण. कुपवाडला कुणीही हुबेहूब करून देईल, तुझे मामा तर स्वतःच करू शकले असते, पण त्यांनी केले नसतील. खात्री करून घे.

हवेचा वेग मोजणाऱ्या नळीत काडी घालू नकोस, आधी टॉर्च मार. कुंभारीण माशीनं मातीचं घर नक्की केलं असणार.

मिरजेची_सतार
विमानातलं मला ओ की ठो कळत नाही, पण लाकडी पंखा म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या घरात चार पिढ्या सतारी होतात, तूनचं लाकूड रोजचं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, बोल्ट आवळल्यासारखे वाटतात. उन्हाळ्यात आकसलं की तेच बोल्ट सैल. इंजिन फिरवायच्या आधी बोल्टांचा ताण मोजून परत बसवा. पंखा उभा ठेवला असेल तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल बिघडतो. आडवा ठेवा. वार्निशला केसाएवढी भेग असेल तर माझ्याकडे आणा, लाकडात गेलीय की वार्निशातच आहे ते नखानं सांगेन. पैसे नकोत. एकदा बघायचंय.

कराडचा_पायलट
कागदांबद्दल थोडं. घरी बांधलेलं विमान भारतात नोंदलं जातं, पण फाइल लांब चालते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६च्या मेक इन इंडियात मांडलं, आणि व्हीटी-एनएमडी हा नोंदणी नंबर २०१७ मध्ये मिळाला. तुमच्याकडे नंबर आधीच आहे, मोठा डोंगर मामा चढून गेलेत. आधी वारसाच्या कागदांनी मालकी तुमच्या किंवा मामींच्या नावावर करा.

अजून एक. अमेरिकेत विमान बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचं प्रमाणपत्र मिळतं, पण विमान दुसऱ्याकडे गेलं की ते प्रमाणपत्र सोबत जात नाही. नियम तिकडचा, पण कारण इकडेही लागू: कुठला वॉशर का बसवला हे फक्त मामांना माहीत होतं. ती वही जपून ठेवा.

तासगावचा_भाचा
आठवडाभर गायब होतो, माफ करा. रिपोर्ट देतो.

पेट्रोल: शाळेतल्या सरांकडून मोजपात्र आणलं. रेषा २७ वर गेली. मामीनं विचारलं, "म्हंजे ह्यात आपला ऊस हाय?" हाय म्हटलं.

टाकी: आत मामांनी गळती थांबवायला लेप लावला होता, तो भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखा सुटतोय. दोन तुकडे गाळणीत सापडले.

तारा: चिंधी तीन ठिकाणी अडकली. तिन्ही ठिकाणं धुराच्या बाजूची.

नळी: काका, माशीची माती निघाली. आत वाळलेल्या अळ्याही होत्या.

बोल्ट: मामांचं बिल वहीत चिकटवलेलं आहे. सगळे विमानाचेच. एकाच्या पुढे पेन्सिलनं लिहिलंय, "कुपवाडला साडेतीन रुपयात झाला असता. केला नाही."

विमान काल शेडमधून काढून घराच्या पडवीत ठेवलं. पंखा आडवा आहे, गुरुवारी मिरजेला आणतो. इंजिन उतरवणार आहे, क्रँक उघडल्याशिवाय फिरवणार नाही.

साताऱ्याचा_फिटर
शाबास. इंजिन उतरवताना किल-स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) तार आधी बघ. ती तुटली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन पेटू शकतं, तेव्हा पंखा उतरेपर्यंत त्याच्या वाटेत उभा राहू नकोस. चारही प्लग काढून ठेव. हत्यारं मोजून घे आणि संध्याकाळी मोजून ठेव. ओझरला एक दहाचा पाना कमी भरला म्हणून आम्ही पाच जण रात्री दोनपर्यंत कॉकपिटच्या तळाशी उलटे लटकलो होतो. पाना निघाला एकाच्या जेवणाच्या डब्यात.

रविवारी मी साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं येतो. मामींना सांग, चहा बिनसाखरेचा.

तासगावचा_भाचा
या काका. मामी म्हणते, साखर नको तर बेदाणे देईन, धुरी न दिलेले.