पोकलेन मध्येच 'कम्युनिकेशन एरर' देऊन बसतं : ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) बदलण्याआधी काय तपासू?

नमस्कार मंडळी. मी मूळचा हायड्रॉलिकवाला. पंप, स्पूल, सिलिंडरची सीलं ही कामं डोळे मिटून करतो, वायरिंग म्हटलं की हात आखडतो. वाघोलीच्या खाणीवर आमच्या शेठचं २० टनी पोकलेन ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावून चालतं. मेक मुद्दाम लिहीत नाही.

त्रास असा आहे. सकाळी गार मशीन झकास चालतं. ब्रेकर तासभर ठोकला की मॉनिटरवर कम्युनिकेशन एरर येतो, इंजिन आयडलवर उतरतं, थ्रॉटलचा डायल कितीही फिरवा, ढिम्म. बूम उठतो पण रडतखडत. चावी बंद करून थोड्या वेळाने मारली की पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागतं. कोड आहे एसपीएन ६३९, एफएमआय ९. सर्व्हिसवाल्यांनी लॅपटॉप लावला आणि सांगितलं, ईसीएम गेला, बदला. कोटेशन लाखांत आहे. शेठ कोटेशनकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतायत.

बॅटरीचा कटऑफ बंद करून मी नऊ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक सॉकेटवर सी आणि डी पिनांमध्ये मीटर धरला. कधी ४० ओहम दाखवतो, कधी ६०. सगळीकडे वाचलं की ६० बरोबर. म्हणजे ४० येतात तेव्हा बिघाड, ६० येतात तेव्हा ठीक, असंच ना? जाणकारांनी मार्ग दाखवा.

चोवीस व्होल्ट :
६३९ म्हणजे जे१९३९ ची लाइन, ज्या दोन वायरींवरून सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती, आणि एफएमआय ९ म्हणजे जो संदेश ठरावीक वेळाने यायला हवा तो वेळेवर आला नाही. ईसीएम मेला असं यात कुठेच म्हटलेलं नाही. कोड कोणत्या कंट्रोलरने नोंदवलाय ते आधी बघा. बोंब मारणारा बहुधा धडधाकट असतो, गप्प बसलेला शोधायचा. इंजिन आणि मॉनिटर दोघंही पंप कंट्रोलरच्या नावाने ओरडत असतील, तर त्याचा सप्लाय आणि अर्थिंग तपासा. तेही लोड देऊन. एका तंतूवर लटकलेली वायरसुद्धा मीटरला २४ व्होल्ट दाखवते. त्याच वायरीवर २४ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब लावला की तिची लायकी कळते.

आणि ईसीएमची घाई नको. नवा आणला की प्रोग्रॅमिंग आलं, कॉमन रेलचं इंजिन असेल तर इंजेक्टरचे कोड भरणं आलं. एवढं करून एरर तिथेच राहिला तर डबा कुणी परत घेत नाही.

बारा-तेराचा पाना :
एवढ्यात बकेटला किंवा बूमला वेल्डिंग झालंय का? बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर न काढता वेल्डिंग करणारे महाभाग खाणीवर काही कमी नाहीत.

भोसरीचा वायरमन :
भाऊ, एक सांगा, मशीनला जीपीएस किंवा डिझेलचोरीचा ट्रॅकर बाहेरून बसवलाय का?

धागाकर्ता :
पाना, वेल्डिंग नाही झालं. वायरमन, हो, ट्रॅकर आहे! गेल्या पावसाळ्यात शेठनी बसवून घेतला. सीटमागच्या हार्नेसमध्ये पिवळी आणि हिरवी वायर सोलून जोड मारलाय, वर काळी टेप. तुम्हाला कसं कळलं?

भोसरीचा वायरमन :
तुमच्या ४० वरून. कॅनच्या लाइनला, म्हणजे त्याच जे१९३९ च्या दोन वायरींना, दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. विहिरीत हाक मारल्यावर आवाज परत येतो, तसा सिग्नल टोकाला आपटून मागे येऊ नये म्हणून. दोन १२० समांतर, म्हणून ६०. तीन झाले की ४०. तिसरा तुमच्या ट्रॅकरच्या पोटात आहे.

आता खरी गंमत बघा. तुम्ही म्हणता ४० म्हणजे बिघाड. तुमच्या मशीनवर उलटं आहे. सगळं नीट जोडलेलं असतं तेव्हा तिन्ही रेझिस्टर दिसतात आणि ४० येतात. एखादी वायर किंवा पिन सुटली की तिच्या पलीकडचा एक रेझिस्टर गायब होतो, उरतात दोन, आणि मीटर दाखवतो ६०! म्हणजे मशीन आजारी असतानाच मीटर सगळं आलबेल आहे असं सांगतोय. ट्रॅकर सोडवा, पिवळी-हिरवी पीळ न उलगडता नीट जोडा आणि परत मोजा. ६० स्थिर राहायला हवेत. मीटर सॉकेटवर तसाच ठेवून दुसऱ्या माणसाला हार्नेस हातभर-हातभर हलवत न्यायला सांगा. जिथे १२० होतील तिथे थांबा. मशीन गरम असतानाच करा, गार मशीनवर दिवस वाया जाईल.

चोवीस व्होल्ट :
पटलं. जोडीला चावी चालू ठेवून व्होल्टेजही घ्या. कॅन हाय (पिवळी) अडीचच्या जरा वर, लो (हिरवी) अडीचच्या जरा खाली आणि दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास. ओहम मात्र कटऑफ बंद असतानाच. आणि मीटरची जाड पिन कनेक्टरच्या फीमेल पिनेत खुपसू नका हो. ती एकदा पसरली की नवा लूज कॉन्टॅक्ट तुम्हीच तयार केलात.

धागाकर्ता :
सापडलं! ट्रॅकर काढला, ६० आले. ब्रेकर चालवून मशीन गरम केलं, एरर येताच कटऑफ पाडून मीटर लावला. हेल्परने पंपाच्या बाजूचा हार्नेस नुसता दाबला आणि ६० चे १२०. पंप कंट्रोलरच्या कनेक्टरमध्ये आतली नारिंगी पाचर जागेवरच नव्हती, कुणीतरी कधीतरी उघडून परत बसवलीच नाही. हिरव्या वायरीची पिन मागे सरकली होती, तोंडाशी दगडाची पांढरी पूड. ब्रेकरच्या हादऱ्याने ती सुटत असणार. बोटाने पुढे ढकलून, बारीक तारेने बांधून चालवलं तर दुपारपर्यंत एरर नाही. शेठना मीटरचा व्हिडिओ दाखवला, ईसीएमचं कोटेशन तूर्त बाजूला पडलंय.

आता पुढचा प्रश्न. ती पिन भरीव नळीची आहे, साध्या प्लायरने दाबली तर चपटी होते. चार बाजूंनी दाबणारा क्रिंपर लागतो म्हणे. नाना पेठेत पिना आणि पाचर मिळाली, क्रिंपर कुणाकडेच नाही. तापकीर गल्लीत विचारलं तर केबलच्या टोकाला लावायच्या लग्जचा दाखवतात. पुण्यात कुणाकडे एका दिवसासाठी मिळेल का? भाडं देतो.

भोसरीचा वायरमन :
माझ्याकडे आहे. पण उद्या गुरुवार, आमच्याकडे सुट्टी. शुक्रवारी दहानंतर या. जुनी पिन कापून आणा, वायरचा गेज बघावा लागेल. ट्रॅकरही सोबत आणा, शेठ तो परत लावायला सांगणारच. त्यातला रेझिस्टर बंद करता येतो का बघू.