शिडी गायब, एकच पट्टा
क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) मायक्रोकॉकल न्यूक्लिएज या डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने पचवून जेलवर चालवल्यावर शिडीऐवजी, म्हणजे पट्ट्यांच्या रांगेऐवजी, १५० बेसजोड्यांपाशी एकच पट्टा आला म्हणून एन्झाइमला दोष देऊ नका. पचन जास्त झालंय. हे एन्झाइम आधी दोन न्यूक्लिओसोममधला (प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेल्या दोन गोळ्यांमधला) लिंकर, म्हणजे जोडणारा डीएनए, तोडतं, मग कडा कुरतडत १४७ च्या गाभ्यापाशी थबकतं. एन्झाइमचं प्रमाण तेच ठेवून ३७ अंशांवर १, २, ५, १० मिनिटांनी नमुने काढा. कॅल्शियमशिवाय ते चालत नाही (१ मिलिमोलर पुरे), म्हणूनच थांबवायला ईजीटीए, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन. कोल्हापुरातल्या मे महिन्यात टेबलावरची नळीही पचत राहते, बर्फ आधी आणा! राहिला रेप्लिकेशनचा (डीएनएची प्रत बनण्याचा) प्रश्न, म्हणजे नुकताच बनलेला डीएनए यात वेगळा दिसेल का: फोर्कमागचा (जिथे प्रत बनते त्या दुभाग्यामागचा) ताजा डीएनए लवकर तुटतो, कारण तिथले न्यूक्लिओसोम अजून नीट बसलेले नसतात. साध्या जेलवर तो वेगळा दिसणार नाही, पेशींना आधी काही मिनिटं ईडीयू (नव्या डीएनएत शिरून त्याला खूण करणारं रसायन) द्यावं लागेल.