उपकेंद्रातली पदं नुसत्या लोकसंख्येवर का ठरवतात?

उपकेंद्रवाली:
मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका आहे, आदिवासी भागातलं उपकेंद्र. आमच्याकडे ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष, सपाटीवर ५०००. पण माझे पाडे असे विखुरलेत की एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायलाच पाऊण तास लागतो आणि पावसाळ्यात नाला भरला की लसीची पेटी खांद्याला लावून लांबून वळसा घ्यायचा. हे कुठे मोजतात का? दरवर्षी कोणीतरी सर्व्हेवाले येतात, दोन-दोन तास माहिती घेतात आणि नंतर काहीच कळत नाही. अशा रिसर्चने खरंच एखादं पद वाढतं का हो?

पब्लिकहेल्थवाला:
वाढतं ताई, पण वेळ फार लागतो. गडचिरोलीचंच बघा ना. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं, शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ला ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि केंद्र सरकारच्या अशा गृहभेटींच्या गाइडलाइन आल्या २०११ला! आज आशाताई बाळंतिणीकडे ३, ७, १४ अशा दिवशी जातात ते त्यातूनच आलंय.

गटप्रवर्तक_ताई:
बरोबर, पण यातली एक गोष्ट मला कायम खटकते. त्या अभ्यासातल्या बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायच्या आणि त्यांच्यावर नियमित देखरेख असायची. सरकारी योजनेत आशांच्या हाती गृहभेटी आल्या, इंजेक्शन नाही. वर सगळे सर्व्हे, सगळी रजिस्टरं त्यांच्याच माथी. अर्धंच उचललं तर रिझल्ट पूर्ण कसा येणार?

पब्लिकहेल्थवाला:
१०० टक्के पटलं. आणि उपकेंद्रवाली ताई, तुमच्या पदांच्या प्रश्नावर डब्ल्यूएचओची 'विस्न' (WISN) म्हणून पद्धत आहे, त्यात डोकी नाही, काम मोजतात. रजा, सुट्ट्या, ट्रेनिंग वजा करून वर्षात हातात किती तास उरतात ते काढायचं, मग एका गृहभेटीला, एका लसीकरण सत्राला खरा वेळ किती लागतो ते, त्यावरून किती माणसं लागतात ते निघतं. असलेली माणसं भागिले लागणारी, उत्तर ०.५ आलं म्हणजे निम्म्याच माणसांवर गाडा चाललाय. फक्त चालण्याचा वेळ धरला पाहिजे, तो सोडला तर तुमच्यासारख्यांचं काम कागदावर कमीच दिसणार.

उपकेंद्रवाली:
चालण्याचा वेळ मला आजवर कोणी विचारलाच नाही. कालपासून डायरीत लिहायला लागले. काल ७ घरं झाली आणि नुसतं चालण्यात ३ तास १० मिनिटं गेली. महिनाभर लिहिते, मग पुढच्या मीटिंगला टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांपुढे ठेवते. अजून काय काय लिहू ते सांगा.

गटप्रवर्तक_ताई:
रजिस्टर आणि ऑनलाइन एंट्रीचा वेळ वेगळा लिहा, रात्री घरी बसून करता तोसुद्धा.